भोवऱ्याविरुद्ध सदतीस तक्रारी

सेक्रेटरीला आयुष्यात ज्या एका माणसाचे पाय धरावेसे वाटतात, त्या माणसाने त्याच्याविरुद्ध सदतीस लेखी तक्रारी केलेल्या आहेत. सगळ्या एकाच निळ्या पेनाने, सगळ्यांवर तारीख, वेळ आणि शेवटी 'आपला नम्र'. इतक्या नम्र माणसाने इतका ताप दिल्याचं दुसरं उदाहरण निदान त्या पाच मजली इमारतीत तरी नाही.

सेक्रेटरी जन्माने सेक्रेटरी नव्हता. तो विमा कंपनीत कारकून होता; लोकांचे दावे का नाकारले, हे त्यांना गोड शब्दांत कळवणं हे त्याचं काम. ज्या रविवारी इमारतीच्या कमिटीची निवडणूक होती, त्या रविवारी तो केस कापायला गेला होता. परत आला तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि त्यावर पद येऊन बसलं होतं. तेव्हापासून त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. बायकोही नाही. "सेक्रेटरी, दूध उतू जातंय," असं ती म्हणते. त्यात आदराचा भाग किती, हे त्याने कधी विचारलेलं नाही.

पदाबरोबर एक लिफ्ट, एक रबरी शिक्का आणि एक डिझेल जनरेटर त्याच्या ताब्यात आले. पैकी शिक्का चांगल्या स्थितीत होता. जनरेटर पार्किंगच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. वीज दिवसातून दोन-तीनदा फेरफटका मारायला जायची, आणि ती येईपर्यंत लिफ्ट आणि पाण्याचा पंप या म्हाताऱ्याच्या जिवावर चालायचे. चालू करताना तो असा खोकायचा, की पहिल्या मजल्यावरचे लोक सवयीने "अहो, पाणी द्या कुणीतरी" म्हणायचे.

एरवी सेक्रेटरीने हे सगळं पुढच्या सेक्रेटरीवर ढकललं असतं. पण त्याच सुमारास बाबा पडले. स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. बल्ब शाबूत राहिला, खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिन्यांनी घरी जा, पण जिन्याचं नाव काढायचं नाही." घर पाचव्या मजल्यावर. म्हणून बाबांना तात्पुरतं ताईकडे ठेवलं, कारण ताई दुसऱ्या इमारतीत, तळमजल्यावर राहते. तिथे सगळी सोय होती. फक्त जावईबापू त्या वर्षी माउथ ऑर्गन शिकत होते.

बाबांचा रोज सकाळी आठला फोन यायचा. ते सुनेची चौकशी करत नसत, मुलाचीही नाही. पहिला प्रश्न, "लिफ्ट कशी आहे?"

"बरी आहे, बाबा."

"आणि जनरेटर?"

"तोही बरा आहे."

"सांभाळ रे बाबा त्याला." मग आवाज खाली जायचा. "आज हे दुसरं गाणं सुरू करणार आहेत."

जनरेटर बरा नव्हता. मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा, जाड भिंगांचा माणूस. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकायचा आणि मग इंजिनाच्या वतीने बोलायचा. त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, दोन बोटांत तेल चोळलं आणि ती बोटं सेक्रेटरीच्या नाकासमोर धरली.

"हे तेल नाही. ही काजळी आहे. थोडं तेल मिसळलंय इतकंच."

"फिल्टर बदलू या की!"

"कागदाचा फिल्टर मोठी घाण धरतो. ही पिठासारखी बारीक काजळी त्यातून आरपार जाते आणि बेअरिंगला पॉलिशपेपरसारखी घासत राहते. वर्षभरात इंजिन बसेल." मिस्त्रीने थोडा विचार केला. "भोवरा बसवू या."

भोवरा म्हणजे सेंट्रिफ्यूगल फिल्टर. पण मिस्त्रीने तो शब्द एकदाच उच्चारला आणि मग श्वास घेतला, म्हणून सगळे भोवराच म्हणू लागले. समजावून सांगण्यासाठी त्याने एका डब्यात गढूळ पाणी भरलं, डबा दोरीला टांगला, दोरीला भरपूर पीळ दिला आणि सोडला. डबा गरगर फिरला. थांबला तेव्हा गाळ कडेला चिकटला होता, मधलं पाणी नितळ होतं आणि उरलेला गाळ सेक्रेटरीच्या ऑफिसच्या शर्टावर होता. सेक्रेटरी भारावून गेला. विमा कंपनीत इतकी स्पष्ट गोष्ट त्याने आजवर पाहिली नव्हती.

"भोवऱ्याला वीज नको, मोटर नको," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाच्याच दाबाने तेल आत शिरतं, खालच्या दोन बारीक भोकांतून जोरात बाहेर पडतं, त्या धक्क्याने भोवरा मिनिटाला हजारो फेरे घेतो. घाण जड, ती भिंतीला जाऊन बसते. साफ झालेलं तेल खाली गळतं. नेहमीचा फिल्टर आहे तिथेच राहतो, हा जोडीला. आणि हा भरला तरी इंजिनाचं तेल अडत नाही."

"यात दरवेळी बदलायचं काय?"

"बदलायचं काही नाही."

सेक्रेटरीने हे वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. आणि सभेची नोटीस काढायला धावत जिना चढला. मिस्त्रीचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. उरलेलं अर्धं वाक्य त्याने हात धुता धुता नळाला सांगितलं.

सभेचे अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. दवाखानाही घरातच. त्यांना जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच प्रकार ठाऊक होते: राहू द्यावं असं, आणि काढून टाकावं असं.

"किडलाय ना? मग काढून टाकू," ते जनरेटरबद्दल म्हणाले. "त्या जागी दोन बाक टाकू."

सेक्रेटरी उभा राहिला. त्याने डबा, दोरी, गाळ सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "थोडक्यात, वॉशिंग मशीनचा ड्रायर कसा फिरतो, तसं."

"मग तेल वाळत कुठे घालायचं?" मागून कोणीतरी विचारलं. प्रश्न गंभीर होता, हे सेक्रेटरीला नंतर कळलं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात कधीही काहीही करावं लागत नाही!" हे वाक्य मिस्त्रीचं नव्हतं. भाषणाच्या भरात ते आपोआप वाढलं होतं.

अध्यक्षांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर पट्टी बाहेर काढायची. तेल पुन्हा काळं निघालं तर जनरेटर भंगारात. म्हणजे बाबा ताईकडेच, जावईबापूंच्या दुसऱ्या गाण्यापासून थेट मैफलीपर्यंत. मग कोणीतरी शंका काढली की एवढी चांगली वस्तू चोरीला जाईल. त्यावर ठराव झाला: भोवऱ्याच्या झाकणाला तार गुंडाळून शिशाचं सील लावावं, आणि वीसपैकी किमान चौदा सभासद हजर असलेल्या सभेच्या मंजुरीशिवाय ते कोणीही तोडू नये. ठरावाची भाषा सेक्रेटरीने स्वतः लिहिली होती. त्यात एकही पळवाट नव्हती. त्याला त्याचा फार अभिमान वाटला.

भोवरा बसला. नवं तेल भरलं. पहिल्या दिवशी जनरेटर तासभर चालला. सेक्रेटरीने तो बंद केला. शांतता पसरली. आणि त्या शांततेत शेडमधून आवाज येऊ लागला: ऊँऽऽऽऽ.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक पांढरं डोकं डोकावलं. हे स्टॉपवॉच काका. शाळेत तीस वर्षं पीटीचे मास्तर होते. निवृत्त होताना शाळेने त्यांना शाल दिली आणि स्टॉपवॉच त्यांनी परत केलं नाही. ते अजून त्यांच्या गळ्यात असतं, शिट्टीच्या शेजारी.

"बंद केलंत ना?"

"केलं, काका."

"मग बोलतंय कोण?"

"भोवरा. त्याला वेग असतो ना, थांबायला वेळ लागतो. तो फिरतोय याची ती खूणच आहे म्हणे."

"माझ्या मैदानावर शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थांबायचे," काका म्हणाले आणि बटण दाबलं. आवाज विरला तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "एक मिनिट बावन्न सेकंद. लेखी देतो."

दिलं. मग दर दोन-तीन दिवसांनी देत राहिले. 'तक्रार क्रमांक चार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी यंत्र बंद केल्यावर एक मिनिट बावन्न सेकंद कण्हण्याचा आवाज. झोपेचा विचका. आपला नम्र.' सेक्रेटरी प्रत्येक पत्राला 'आपले पत्र पोचले' असं उत्तर द्यायचा, शिक्का मारायचा आणि पत्र न वाचता फायलीत लावायचा. विमा कंपनीतला अनुभव होता.

शेवटी काकांनी आवाज नियंत्रण कार्यालयात जायचं ठरवलं. पण ते कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, काकांना पत्ता ठाऊक नाही आणि स्कूटर फक्त सेक्रेटरीकडे. तेव्हा आरोपीच फिर्यादीला मागे बसवून घेऊन गेला. वाटेत काकांनी फाइल सेक्रेटरीच्या पाठीला टेकवून धरली होती, म्हणजे वाऱ्याने कागद उडू नयेत. खड्डा आला की सगळ्या तक्रारी पाठीत टोचायच्या.

खिडकीतल्या साहेबाने अर्ज उलटासुलटा पाहिला. "यंत्र चालू असतानाचा आवाज किती?"

"त्याबद्दल तक्रार नाही," काका म्हणाले. "त्या आवाजात मला छान झोप लागते. तो बंद झाल्यावरचा आवाज आहे."

"बंद यंत्राच्या आवाजाला आमच्याकडे रकाना नाही."

"मग पाडा."

"रकाना वरून पाडून येतो, आजोबा." साहेबाने सेक्रेटरीकडे पाहिलं. "आणि तुम्ही कोण?"

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो."

साहेबाने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. असं जोडपं त्या खिडकीवर पूर्वी आलं नसावं. मग त्याने पाहणीची एक तारीख दिली, दीड महिन्यानंतरची.

ती तारीख शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाबा घरी यायचे होते. तीन महिने पुरे झाले होते. सोमवारी सगळ्यांसमोर पट्टी निघायची होती. साहेब दुपारी मोजणीचं यंत्र घेऊन शेडजवळ उभा राहिला. जनरेटर अर्धा तास चालवला आणि बंद केला.

काहीच नाही. ऊँ नाही, आँ नाही. कुठेतरी एक चिमणी तेवढी बोलली, आणि साहेबाने तिची नोंद घेतली नाही.

'आवाज आढळला नाही. तक्रार निकाली,' साहेबाने लिहिलं. सेक्रेटरीला इतका आनंद झाला की त्याने साहेबाला चहा पाजला, स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडलं आणि येताना शीळ घातली. तीन महिन्यांच्या अपमानाचं सरकारी कागदावर परिमार्जन झालं होतं. तो कागद फ्रेम करून बैठकीत लावावा, की जिन्यात, एवढाच प्रश्न उरला होता.

घरी पोचतो तर दारात काका.

"अभिनंदन," काका म्हणाले. पण गेले नाहीत. घड्याळ हातात फिरवत राहिले. "एक सांगू का? माझ्या वर्गात एक मुलगी होती. वाऱ्यासारखी पळायची. मग दर आठवड्याला थोडी थोडी मंद व्हायला लागली. सगळे म्हणाले, आळशी झाली. मी वेळा बघून तिला डॉक्टरकडे नेलं. अंगात रक्तच नव्हतं पोरीच्या. पळणारं माणूस उगाच थांबत नाही. माझी पत्रं काढ जरा."

सेक्रेटरीच्या लक्षात आलं, काका त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते. त्याने फाइल काढली.

जेवणाच्या टेबलावर सदतीस पत्रं ओळीने मांडली. बायको एकेक वाचत गेली. "एक बावन्न. एक बावन्न. एक एक्कावन्न. एक चाळीस. एक बावीस. अठ्ठावन्न सेकंद. एकतीस. बारा." ती थांबली. "सेक्रेटरी, ह्या तक्रारी नाहीत. हा तापाचा तक्ता आहे. दर दोन-तीन दिवसांनी घरी येत होता आणि तू त्यावर 'पत्र पोचले' म्हणून शिक्का मारत होतास."

सेक्रेटरीने मिस्त्रीला फोन लावला.

"आवाज येत नाही?" मिस्त्री म्हणाला. "साफ कधी केला होता?"

"साफ? तुम्हीच म्हणालात, बदलायचं काही नाही!"

"बदलायचं नाही म्हणालो. आंघोळ घालायची नाही, असं म्हणालो का? ऑफिसला जाता, डोकं बदलता का रोज? पण धुता ना? जुनं इंजिन आहे, आधीची सगळी घाण ओढून घेतली असेल त्याने. गळ्यापर्यंत भरला असेल. उघडा, मी निघालोच."

उघडा. सेक्रेटरी शेडमध्ये गेला आणि शिशाच्या सीलसमोर उभा राहिला. चौदा सभासद. मंजुरी. सभा. त्या ठरावात कुठेतरी फट असेल म्हणून त्याने तो तीनदा वाचला, आणि आपण किती चोख मराठी लिहितो हे त्याला तीनदा कळलं. "ताईला कळवू का, बाबा उद्या नको म्हणून?" बायकोने हळूच विचारलं. सकाळीच बाबांनी फोनवर सांगितलं होतं, की बॅग भरून झाली आहे आणि ते तिच्यावरच बसले आहेत.

त्याने फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात अंगणात शिट्टी वाजली.

साधी शिट्टी नव्हती ती. तीस वर्षं हजार पोरांना रांगेत उभं करणारी शिट्टी होती. गॅलऱ्या उघडल्या, चपला सापडल्या, माणसं जिन्यावरून उतरू लागली. का उतरतोय, हे एकालाही ठाऊक नव्हतं. "चार मिनिटं दहा सेकंद," काका नाराजीने म्हणाले. "तिसरा मजला फारच ढिला आहे."

मोजले. अध्यक्षांना धरून तेरा. अध्यक्ष हातमोज्यांसकट उतरले होते. त्यांच्या खुर्चीत एक पेशंट तसाच होता.

"कोण पेशंट?" सेक्रेटरीने विचारलं.

"आपलाच. चौथ्या मजल्यावरचा."

चौदावा सभासद गळ्यात निळा कागद आणि तोंडात कापसाचे तीन बोळे घेऊन खाली आला. त्याला काय चाललंय ते विचारता येत नव्हतं, म्हणून चर्चा लवकर आटोपली. सगळ्यांच्या बरोबर त्यानेही हात वर केला. ठराव मंजूर. मिस्त्री तोवर आलाच होता, पण सील तोडायला पक्कड अध्यक्षांनी दिली. दिली कसली, स्वतःच वाकले. "एकच मिनिट. दुखणार नाही," असं ते सवयीने भोवऱ्याला म्हणाले, आणि तार तटकन तुटली.

मिस्त्रीने झाकण काढलं, आतली वाटी उचलली आणि उजेडात धरली. वाटीच्या भिंतीवर सगळीकडून दोन बोटं जाड, काळा, चकचकीत, रबरासारखा घट्ट थर होता. मधे तेलाला फिरायला जेमतेम जागा. चौदा घरांची माणसं मिळून एका वाटीत डोकावत होती.

"हे सगळं आपल्या इंजिनात होतं?" कोणीतरी विचारलं.

"होतं. आता इथे आहे," मिस्त्री म्हणाला. त्याने लाकडी पट्टीने थर खरवडायला सुरुवात केली. तो केकच्या तुकड्यासारखा सलग निघाला. "कागदातून हे सगळं निसटलं असतं." त्याने इंजिनाची पट्टी ओढली. तेल तपकिरी होतं, कडेला काळसर. "आत्ता कुठे काळवंडायला लागलंय. अजून पंधरा दिवस कोणाच्या लक्षात आलं नसतं, तर पुन्हा पहिले पाढे."

अध्यक्षांनी तो काळा तुकडा चिमट्यात धरला. चष्मा वर केला. त्यांचा चेहरा बदलला.

"अहो, हा तर टार्टर आहे!"

"काय?"

"दातावर साचतो तो थर! मी किडलंय समजत होतो. हे किडलेलं नाहीच, याला फक्त सफाई हवी!" त्यांनी तो तुकडा सगळ्यांसमोर धरला. "आणि मी काढायला निघालो होतो हो. निरोगी दात."

बाक रद्द झाले. सोमवारची पट्टी रद्द झाली. दर महिन्याला सफाई करायची असं ठरलं, तारीख डॉक्टरांनी आपल्या अपॉइंटमेंटच्या वहीत लिहून घेतली. चौदावा सभासद अजून हात वर करून उभा होता. त्याला कोणीतरी हात खाली घ्यायला सांगितलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता बाबा आले, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर बॅग. सेक्रेटरी मागून सामान घेऊन येणार होता, म्हणून बायकोने त्यांना लिफ्टमध्ये नेलं. दार लागलं. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे पोचली आणि वीज गेली.

"सेक्रेटरीऽऽ!" बायकोची हाक वरून आली.

सामान तिथेच टाकून तो धावला. शेडमध्ये पोचून किल्ली फिरवली. जनरेटर एकदा खोकला. मग म्हातारा खाकरून घसा साफ करावा तसा गुरगुरला आणि एकसुरी, भरदार चालू लागला. वर लिफ्ट हलल्याचा आवाज आला. तिसरा. चौथा. पाचवा. दार सरकलं.

दहा मिनिटांनी वीज परत आली. सेक्रेटरीने जनरेटर बंद केला आणि श्वास धरून उभा राहिला. गॅलऱ्या भरल्या होत्या. अध्यक्ष, पेशंट, तिसरा मजला, सगळे. पहिल्या मजल्यावर काकांनी स्टॉपवॉच उंच धरलं होतं.

ऊँऽऽऽऽ.

पाचव्या मजल्याच्या कठड्यातून बाबांचा आवाज आला. "काय रे, बंद केलंस ना? मग गुणगुणतंय कोण?"

"भोवरा, बाबा!"

बाबांनी कान देऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"जावईबापूंपेक्षा सुरात आहे," ते म्हणाले.

दुपारी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत सरकली. तेच निळं पेन. 'सकाळी अकरा वाजून एकवीस मिनिटांनी यंत्र बंद केल्यावर एक मिनिट बावन्न सेकंद आवाज. तक्रार नाही. यापुढे रोज कळवत जाईन. आपला नम्र.'

सेक्रेटरीने ती आधी बायकोला वाचून दाखवली, मग बाबांना. मग शिक्का काढला, शाईच्या गादीवर टेकवला आणि तसाच बाजूला ठेवला. या वेळी उत्तर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि ते द्यायला स्वतः चार मजले जिना उतरून गेला.

'आपले पत्र पोचले. बाबाही घरी पोचले.'